जागं ठेवायचं की झोपवायचं

उष्ण प्रदेशातल्या झाडाला हिवाळा म्हणजे काय, हे ठाऊकच नसतं. सफरचंदाला ते कळतं, ओकला कळतं. दिवस आखडू लागले की ही झाडं आवराआवर सुरू करतात. पानांतलं कामाचं ते खोडात ओढून घेतात, पेशींत साखर साठवतात, कळ्यांवर खवले चढवतात. केळ यातलं काहीही करत नाही. ऊब असेपर्यंत ती पान उलगडत राहते, आणि ज्या रात्री पारा कोसळतो त्या रात्रीही तिचं एक नवं पान अर्धवट सुटलेलं असतं. मला या भाबडेपणाचा राग येतो आणि लोभही वाटतो. तिच्या वाटचा हिवाळा दुसऱ्या कुणीतरी सोसायचा असतो, आणि थंड मुलखात अशी झाडं पाळणारे आपण सगळे ते काम अंगावर घेऊन बसलेलो असतो.

याबाबत विचारणारे बहुतेक जण शून्याची धास्ती घेऊन येतात. पारा शून्याखाली गेला तर काय, असं विचारतात. पण यातल्या पुष्कळ झाडांचं शून्याच्या कितीतरी आधीच बिनसलेलं असतं. तुळस पाच-सहा अंशांत एखादी रात्र बाहेर राहिली की पानं काळवंडायला लागतात. अग्लोनिमा, डायफेनबेकिया, कॅलेडियम ही शोभेच्या पानांची मंडळी तर बारा-तेरा अंशांनाच कुरकुरतात. कुठे बर्फाचा कण नाही, दव गोठलेलं नाही, आणि तरी चार दिवसांनी पान पाणथळ डागांनी भरतं. इजा आज होते आणि दिसते सावकाश, त्यामुळे दोष भलत्याच दिवसाला लागतो.

असं का होतं? झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं एक अतिपातळ आवरण असतं. ते प्रवाही असेल तरच आतबाहेरची देवाणघेवाण नीट चालते. खोबरेल तेल थंडीत बाटलीत थिजतं, तसं काहीसं उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या या आवरणाचं होतं. थंड हवामानातली झाडं शरद ऋतूत या स्निग्ध पदार्थांची घडणच बदलून घेतात, लवकर न थिजणारे प्रकार वाढवतात. खरी प्रक्रिया याहून बरीच गुंतागुंतीची आहे, पण कुंडी उचलून आत कधी घ्यायची हे ठरवायला एवढं पुरतं. गोठण्याची इजा वेगळी. त्यात बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशीतलं पाणी बाहेर शोषून घेतो. म्हणजे गोठलेलं पान एका अर्थी वाळून मरतं. दुसऱ्या दिवशी ते उकडल्यासारखं लोंबतं, कारण फाटलेल्या आवरणांतून सगळं पाणी गळून गेलेलं असतं.

या सगळ्यात मुळांकडे कुणाचं लक्ष जात नाही. माती गार पडली की मुळांची पाणी ओढण्याची ताकद घटते. वर पानं मात्र खोलीच्या उबेत पाणी सोडतच असतात. मग कुंडीत भरपूर ओल असूनही झाड माना टाकतं. बघणाऱ्याला वाटतं, तहानलंय बिचारं. तो तांब्याभर पाणी घालतो, गार मातीत हवा शिरायची थांबते, आणि ज्या मुळांना फक्त ऊब हवी होती ती कुजतात. हिवाळ्यात मेलेल्या कुंड्या उलटून पाहा. बहुतेकांच्या तळाशी बर्फाची नाही, चिखलाची गोष्ट सापडेल. गार फरशीवरून कुंडी उचलून लाकडाच्या फळीवर ठेवली आणि पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसलं, तर अर्धी झाडं एवढ्यानंच वाचतात, असं माझं मत आहे. बोटाला ओल लागली तर झारी परत जागेवर.

घरात एक साधन मात्र हवंच, कमाल-किमान तापमान दाखवणारा तापमापक. इंग्रजी ‘यू’च्या आकाराची नळी, तिच्यात पारा, आणि पाऱ्यानं ढकललेल्या दोन बारीक खुणा जिथल्या तिथे अडकून राहिलेल्या. रात्री आपण झोपेत असताना पारा किती उतरला होता, ते सकाळी कळतं. हे उपकरण इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या जेम्स सिक्स यांनी १७८० साली तयार केलं. आता पाऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक पट्टी आली असली, तरी बागेतली गरज तीच आहे. सिक्स तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी तापमापक खाली बागेत लावले आणि वर कॅथीड्रलच्या मनोऱ्यावरही लावले. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा मनोऱ्यावरच्या हवेपेक्षा थंड असते, हे त्यांच्या नोंदींतून दिसलं. वर जावं तसं गार होत जातं, हा आपला सरधोपट समज अशा रात्री उलटा होतो. थंड हवा जड असते, ती उतारावरून पाण्यासारखी घरंगळते आणि सखल जागी साचते. बागेतला खोलगट कोपरा दिवसा कितीही उबदार वाटला, तरी नाजूक झाडासाठी तोच सगळ्यात वाईट.

पण जमीन मुळात गार पडते ती कशानं? याचं उत्तर नीट मांडलं ते लंडनमधले एक डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी. दवावरचा त्यांचा निबंध १८१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ते मोकळेपणानं सांगतात की, माळी लोक नाजूक रोपांवर पातळ चटया टाकतात ते पाहून आपल्याला पूर्वी हसू यायचं. एवढंसं पातळ आच्छादन हवेचा गारठा काय अडवणार? मग त्यांनी प्रयोग केला. गवतात चार काटक्या रोवल्या आणि त्यांवर एक पातळ रुमाल ताणून बांधला, गवताच्या जेमतेम सहा इंच वर. चारही बाजू उघड्या, हवा खेळती. तरीही निरभ्र रात्री रुमालाखालचं गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा कितीतरी उबदार राहिलं. माळी बरोबर होते.

पानं, गवत, माती ही रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे फेकत असतात. आकाश ढगाळ असेल तर ढग त्यातली बरीचशी परत पाठवतात. निरभ्र असेल तर ती गेली ती गेलीच. म्हणून वारा पडलेल्या, चांदण्या स्वच्छ दिसणाऱ्या रात्री पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतं. तापमापक दोन अंश दाखवतोय आणि गाडीच्या टपावर दव गोठलंय, हे कोडं त्यातूनच सुटतं. वेल्स यांच्याही आधी, १७७५ साली, रॉबर्ट बार्कर यांनी अलाहाबादला बर्फ कसा बनवतात याचं वर्णन छापलं होतं. पेंढ्या-काडांच्या थरावर मातीची उथळ, सच्छिद्र भांडी मांडायची, त्यांत पाणी ओतायचं आणि निरभ्र रात्रीवर सोडून द्यायचं. हवा गोठणबिंदूला पोचलेली नसतानाही पहाटे भांड्यांत बर्फाचे पापुद्रे तयार. खालून जमिनीची ऊब पेंढ्यानं तोडलेली, वरून आकाश मोकळं. बर्फ करायचा असेल तर नेमकं हेच करायचं, आणि झाड वाचवायचं असेल तर याच्या नेमकं उलट.

हे एकदा उमगलं की पांघरूण घालण्याची रीतच बदलते. चादर स्वतः ऊब देत नाही. ती आकाश झाकते आणि जमिनीतून रात्रभर वर येणारी उष्णता अडवून धरते. म्हणून ती जमिनीपर्यंत पोचली पाहिजे. झुडपाच्या शेंड्याला फडकं गुंडाळून बुंध्याशी दोरी आवळली, तर जमिनीची ऊब बाहेरच राहिली. प्लॅस्टिक पानाला टेकलं की टेकल्या जागी पान जळतं, तेव्हा आत काठ्यांचा सांगाडा हवा. संध्याकाळी माती ओलसर असावी. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची उष्णता जास्त साठवते. सकाळी ऊन तापायच्या आत पांघरूण काढावं. आणि ढगाळ, वाऱ्याच्या रात्री, जेव्हा गारठा दुसरीकडून वाहत येतो, तेव्हा या सगळ्याचा फारसा उपयोग नसतो, हेही मान्य करावं. त्या रात्री कुंडी घरात, नाहीतर नशिबावर.

काचघर असेल तर पाण्यानं भरलेली काळी पिंपं आत ठेवतात. त्यामागचा हिशेब मला फार आवडतो. एक लिटर पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं, म्हणजे शंभर वॉटचा दिवा पंचावन्न मिनिटं जळेल एवढी. पिंप गोठतं तेव्हा ते भोवतालच्या हवेला शून्याच्या आसपास धरून ठेवतं. संत्र्या-लिंबांच्या बागांत कडाक्याच्या रात्री झाडांवर सतत पाणी फवारतात, ते याच तत्त्वावर. मध्येच फवारा बंद पडला तर मात्र बाष्पीभवनानं उलटा गारठा होतो, त्यामुळे ते घरच्या बागेत करून पाहायचं काम नव्हे. आणखी एक गोष्ट जाता जाता: झाडाभोवती दिव्यांची माळ गुंडाळायची जुनी युक्ती तारेच्या बल्बांची होती. एलईडीच्या माळेनं झाड सुंदर दिसतं, ऊब शून्य.

हे झालं बाहेरचं. आत आणल्यावर काम संपलं, असं समजणाऱ्यांना मी एकच विचारते: हे झाड हिवाळाभर जागं ठेवणार आहात की झोपवणार? कारण घरात आणलेली बहुतेक झाडं थंडीनं मरत नाहीत. धड जाग नाही, धड झोप नाही, अशा अवस्थेत मरतात.

उजेड लक्समध्ये मोजतात. उन्हाळ्यातलं भर दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं. खिडकीला लागून, आकाश ढगाळ असताना, एक-दोन हजार. खोलीच्या मध्यावर, जिथे आपण आरामात वाचत बसतो, तिथे दोन-तीनशे. आपले डोळे या फरकाला सरावतात, पानं सरावत नाहीत. त्यात वर उत्तरेकडे पन्नासाव्या अक्षांशापाशी डिसेंबरचा दिवस आठ तासांचा. अशा उजेडात जास्वंद बावीस अंशांच्या दिवाणखान्यात ठेवली, तर ऊब तिला सांगते वाढ, आणि उजेड म्हणतो खायला काही नाही. ती वाढते. लांबलचक, फिकट, लेचेपेचे कोंब काढते, साठवलेलं सगळं त्यावर उधळते आणि हिवाळा सरायच्या आत दमून बसते. तीच जास्वंद बारा अंशांच्या उजळ जिन्यात ठेवली, की पानं गाळून कुढल्यासारखी दिसेल, पण वसंतात फुटेल. उजेड कमी असेल तर ऊबही कमी हवी आणि पाणी त्याहून कमी. एवढं एक सूत्र धरलं की बाकीचा तपशील त्यातून आपोआप सुटतो.

कोण झोपू शकतं आणि कोण नाही, हे मात्र झाडागणिक बदलतं. हळद या बाबतीत सगळ्यात शहाणी. तिच्या मायभूमीतही ती पावसाळ्यानंतर पिवळी पडून जमिनीत जाते, त्यामुळे थंडीचे महिने तिच्या झोपेचेच असतात. पानं वाळली की पाणी तोडायचं आणि कुंडी तशीच कोरड्या मातीसकट पंधरा अंशांच्या आसपास कुठेतरी सरकवून द्यायची. उजेडाचीही गरज नाही. आल्याचंही तसंच. कर्दळीची पानं पहिल्या गारठ्यात काळी पडली तरी घाबरू नये. गड्डे उकरून, जेमतेम ओलसर भुश्श्यात, पाच ते दहा अंशांत ते हिवाळा काढतात. पण कंद म्हटला की गार तळघर, असं सरसकट नाही. कॅलेडियमचे कंद पंधरा अंशांच्या खाली गेले की मऊ पडतात आणि कुजतात.

चाफ्याचं झोपणं पाहण्यासारखं असतं. सगळी पानं टाकून तो नुसत्या जाड, राखाडी फांद्यांचा उभा राहतो. त्या फांद्या पाण्यानं आणि अन्नानं गच्च भरलेल्या असतात, म्हणून महिनोन् महिने थेंबभर पाणी न देता तो अंधाऱ्या खोलीत राहू शकतो. काही जण तर मुळांची माती झटकून, कागदात गुंडाळून ठेवतात. जागा दहा अंशांच्या खाली जाऊ नये एवढंच. फांदीचं टोक काळं पडून मऊ लागलं, तर कूज खाली उतरायच्या आत स्वच्छ पांढरा गाभा दिसेपर्यंत छाटावं. झोपलेल्या चाफ्याला दयेपोटी पाणी घालणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

कढीपत्ता अर्धवट झोपतो. गारव्यात पानं पिवळी करून टाकतो आणि मेल्यासारखा उभा राहतो. त्या रूपातले कितीतरी कढीपत्ते लोकांनी फेकून दिले असतील. फेकण्याआधी नखानं खोडाची साल किंचित खरवडावी. आत हिरवं दिसलं तर तो नुसता वाट पाहतोय. मोगरा आणि बोगनवेल दहा अंशांच्या उजळ जागेत, पाणी आखडतं घेतलं की खुशाल राहतात. उलट नागवेल, अग्लोनिमा, फॅलेनॉप्सिस ऑर्किड यांना झोप माहीत नाही. त्यांना अठरा अंशांची ऊब आणि दिव्याखाली बारा तासांचा दिवस द्यायलाच लागतो. तेवढी सोय नसेल तर ती पाळू नयेत, असं माझं स्पष्ट मत. माणसांची जागा अडवून दिवे लावायचे तर ते दोन-तीन झाडांसाठी, तीसासाठी नव्हे.

केळ अगदीच निराळी. तिचं खोड दिसतं ते खोड नसतंच, पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी असते. खरा जीव जमिनीतल्या गड्ड्यात. म्हणून बागेतल्या केळीची पानं छाटून, भोवती जाळीचा पिंजरा करून त्यात वाळका पालापाचोळा ठासून भरतात आणि वर पाऊस जाणार नाही असं झाकण घालतात. मुसा बसजू ही चीनकडची काटक केळ अशा आच्छादनाखाली चांगलीच थंडी काढते. वरचं खोड गेलं तरी गड्ड्यातून पिलं फुटतात. एनसेट जातीची लालसर केळ मात्र पिलं देत नाही, तेव्हा तिचं खोड गेलं की सगळं गेलं.

एका झाडाचा हिवाळा टाळण्यासाठी माणूस कुठवर जातो, याला सीमा नाही. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्याची नारिंगशाला, म्हणजे संत्र्यांची झाडं हिवाळ्यात ठेवायची इमारत, जूल आर्दुआँ-मांसार यांनी १६८४ ते १६८६ या काळात बांधली. १५५ मीटर लांब कमानींचं दालन, जाडजूड भिंती, दक्षिणेकडे तोंड. संत्र्यांची झाडं लाकडी पेट्यांत लावलेली, हिवाळ्यात आत, उन्हाळ्यात अंगणात. जाड भिंतींची आणि दक्षिणेच्या उन्हाची करामत असल्यामुळे मला ती पटते. झाडं तिथे थंड आणि उजळ जागेत झोपतात. दीड शतकानंतर इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टन यांनी उभारलेलं भव्य काचघर याच्या दुसऱ्या टोकाचं. तिथे झाडांना हिवाळाभर जागंच ठेवायचं होतं. बॉयलर पेटते ठेवण्यासाठी जमिनीखालच्या बोगद्यातून कोळसा आत जायचा. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली, ऊब बंद पडली आणि झाडं मेली. १९२० साली ते अवाढव्य काचघर सुरुंग लावून पाडलं. कृत्रिम दिवसावर जगवलेल्या झाडाला एक वाईट हिवाळा पुरतो, पण त्या एका हिवाळ्यापर्यंत कधीकधी फार लांबचा पल्लाही गाठता येतो. फ्रान्सिस मॅसन यांनी दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं एक सायकड, म्हणजे ताडासारखं दिसणारं, फुलांऐवजी शंकू धरणारं झाड, १७७५ पासून लंडनच्या क्यू उद्यानात कुंडीत जगतं आहे. हिवाळ्यांमागून हिवाळे कुणीतरी त्याच्यासाठी जाळ पेटता ठेवला. एवढं करून क्यूमध्ये त्यानं शंकू धरला तो एकदाच, १८१९ साली.

घरात झाड जागं ठेवलं की कोरड्या हवेशी गाठ पडते. शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, वीस अंशांच्या हवेत सतरा ग्रॅम. बाहेरची गार हवा आत येऊन नुसती तापली की तिची आर्द्रता तीस टक्क्यांखाली जाते. पानांवर पाण्याचा फवारा मारून हे बदलत नाही, दहा मिनिटांत सगळं जैसे थे. झाडं एकमेकांजवळ ठेवावीत आणि हीटरपासून लांब. लाल कोळी या बारीक किडीला हीच कोरडी ऊब मानवते. पानाच्या पाठीवर बारीक जाळं आणि वरून सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके दिसले, की झाड उचलून न्हाणीघरात न्यावं आणि कोमट पाण्याच्या धारेखाली पानांच्या पाठी धुवाव्यात. पिठ्या ढेकूण दिसला तर अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस.

प्रत्येक झाड सदेह वाचवलंच पाहिजे, हा हट्ट मी सोडून दिला आहे. तुळशीच्या मंजिऱ्या शरदात वाळवून ठेवते आणि रोप जाऊ देते. रंगीत पानांच्या कोलियसच्या फांद्या गारठ्याआधी खुडून पाण्यात ठेवल्या की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. मूळ झाड घराचा अर्धा कोपरा अडवून जे करतं, तेच या चार काड्या खिडकीच्या कठड्यावर करतात.

सगळ्यात जास्त झाडं मात्र हिवाळा जवळजवळ संपल्यावर जातात. दिवस मोठा होतो, दोन दिवस ऊन पडतं, आणि झाडापेक्षा त्याच्या मालकालाच आधी जाग येते. घाईनं कुंड्या बाहेर जातात. काचेमागे वाढलेली पानं कोवळी, उघड्या उन्हाची सवय नसलेली; ती एका दुपारीत पांढरी पडतात. गार रात्र आणि लगेच सकाळचं प्रखर ऊन हा जोड तर आणखी घातक, कारण गारठलेल्या पानाला तेवढा प्रकाश पेलत नाही. म्हणून आधी सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात, आठ-दहा दिवस घेऊन. मोगरा-बोगनवेल आधी, जास्वंद त्यानंतर, आणि रात्री बारा अंशांच्या वर स्थिरावल्यावरच बाकीची नाजूक मंडळी. चाफ्याच्या टोकाला हिरवा कोंब दिसला की पहिलं पाणी. केळीचा पिंजरा उघडल्यावर वरचं खोड कुजलेलं निघालं, तर पांढरा, टणक भाग लागेपर्यंत चकत्या कापत जावं. मधून नवी सुरळी वर येते.

हळदीची कुंडी सगळ्यात शेवटी जागी होते, आणि तिथेच लोकांचा धीर सुटतो. माती वीस अंशांच्या वर जाऊन काही दिवस टिकल्याशिवाय ती काही दाखवत नाही. तोवर तिला उकरून बघू नये. उकरताना पहिला तुटतो तो नेमका तोच कोंब.